आतली कडी

"तुमचे सासरे भलतेच रंगात असतात हो," शेजारीण हसत म्हणाली. बाथरूममधून बेसूर गाणं ऐकू येत होतं. सून भाजी निवडत होती, पण कान तिकडेच. गाणं मध्येच थांबलं, तशी ती ताडकन उठून दाराशी गेली.

"बाबा?"

"अगं, पुढचं कडवं आठवेना."

"मग पहिलंच पुन्हा म्हणा."

गाणं सुरू झालं, तेव्हा कुठे ती परत येऊन बसली.

"एवढी हौस आहे गाण्याची?"

"हौस कसली, जन्मात कधी गायले नाहीत. शुगर उतरून दोनदा आत कोसळले. कडी लावू नका म्हटलं, तर अंघोळच सोडली. शेवटी ठरलं, कडी खुशाल लावा, पण आवाज थांबला की मी दार तोडणार."