गोठलेली लस

अनुजाने लसीच्या डब्याचं झाकण उघडलं, पहिली बाटली काढली आणि वर्गाच्या खिडकीच्या उजेडात धरली. आत बर्फ होता.

तिने दुसरी काढली. तिसरी. तळातल्या बाटल्या तर दगडासारख्या घट्ट.

बाहेर शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती. मुरगूडजवळच्या त्या गावातली शाळेची सगळी पोरं, त्यांच्यामागे आईबाप, म्हातारीकोतारी माणसं. आरोग्य केंद्राची नर्स म्हणून अनुजाने तीन आठवडे घरोघरी फिरून त्यांना फ्लूच्या लसीसाठी तयार केलं होतं. काहींनी तोंडावर दार लावलं होतं. ‘चांगल्या पोरांस्नी ताप आणायला आलीया,’ असंही ऐकवलं होतं. तरी आज माणसं आली होती.

रांगेत सगळ्यांत पुढे चिमणाबाई. मागच्या पावसाळ्यात तिचा थोरला नातू राजवर्धन फ्लूने सहा दिवसांत गेला. आता धाकटी नात क्रांती तिच्या पदराला धरून उभी होती.

अनुजाला पहाट आठवली. फ्रीझरमधले आइसपॅक बाहेर काढून ठेवायचे, आत पाणी डचमळायला लागेपर्यंत थांबायचं, मगच लसीशेजारी लावायचे. इतका साधा नियम. नाहीतर लस गोठते, आणि एकदा गोठलेली ही लस वितळली तरी मेलेलीच. पण आज गाडी लवकर आली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. आइसपॅक टणक होते तसेच डब्यात सारले गेले. दुसऱ्या कुणी नाही, तिनेच सारले.

“काय झालं सिस्टर? माणसं खोळंबल्यात की.” सयाजीराव आत आले. गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन. लस संस्थेनेच मागवली होती.

तिने हळू आवाजात सांगितलं. सयाजीरावांनी मागच्या मागे दार लोटलं.

“ही टोचली तर पोरांस्नी काय व्हतंय?”

“अपाय होणार नाही. पण उपयोगही होणार नाही.”

“अपाय न्हाय न्हवं? मग टोचा की.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “घटकाभरात वितळंल. तुमच्या-माझ्याबिगर कुणाला कळतंय? आज माघारी धाडली तर ही माणसं पुन्यांदा या दारात यायची न्हाईत. फिरून फिरून तुमचंच पाय दुखलं न्हवं?”

ते काही खोटं बोलत नव्हते. अनुजाच्या मुठीतल्या बाटलीत बर्फाचा खडा बारीक होत चालला होता. अजून पाच मिनिटं, की ही बाटली चांगल्या बाटलीसारखीच दिसणार होती. मग तिलासुद्धा फरक ओळखता आला नसता.

दारावर थाप पडली. “अगं बाई, घे की सुरू!” चिमणाबाईचा आवाज. “पोरगी रडाय लागलीया.”

अनुजाने बाटली डब्यात टाकली, झाकण दाबून लावलं आणि दार उघडून व्हरांड्यात आली.

“आज लस देता येणार नाही.” ती म्हणाली. “लस गोठलीय. गोठलेली लस काम करत नाही. डबा मी भरला होता. चूक माझी आहे.”

एकदम गलका उठला.

“कामं टाकून आलोय आमी!”

“मी आदीच म्हनत हुतो, ह्यांचं काय खरं न्हाय!”

कुणीतरी मोबाइल वर धरून तिचं शूटिंग करायला लागलं. सयाजीराव तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. रांग मोडली. बघता बघता व्हरांडा रिकामा झाला.

अनुजाने आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून झालं ते सांगितलं. “लेखी द्या,” ते म्हणाले. “वर कळवावं लागेल.” फोन बंद झाला. ती वळली, तर चिमणाबाई अजून तिथेच उभी.

“न सांगता टोचली असतीस, तर?” म्हातारीने विचारलं.

“कुणाला कळलं नसतं.”

“आन् हिला आजार झाला असता तर?”

“लसीनं अडवला नसता.” अनुजाने मान खाली घातली. “तुम्ही मात्र लस दिलीय म्हणून बिनघोर राहिला असता.”

चिमणाबाईने नातीला जवळ ओढलं. आता शिव्या येणार, अनुजाला वाटलं. तिची तयारी होती.

“राजवर्धनला बी साधा ताप म्हनून चार दिस घरातच ठेवलता,” म्हातारी म्हणाली. “आमी बी बिनघोरच हुतो.”

अनुजाने मान वर केली.

“दुसरी कवा आणतीस?”

“पुढच्या सोमवारी. पण आता कोण येणार, आजी?”

चिमणाबाईने पदर खोचला. नातीचा हात धरून ती पटांगण ओलांडून गेली. फाटकाबाहेर माणसं अजून घोळक्याने उभी होती, हातवारे करत, तावातावाने बोलत. थोड्या वेळाने त्या गलक्यातून म्हातारीचा खडा आवाज थेट वर्गापर्यंत आला.

“सोमवारी हाय म्हनं. आन् टोचायला हीच बाई पायजे, दुसरी न्हाय चालायची!”