सगळ्यात खालची खोली

दोन क्रूझ कंपन्यांतली एक निवडायची म्हणून रोहित आईबाबांनाही धंतोलीतल्या एजंटकडे घेऊन आला. एजंट स्विमिंग पूल दाखवत होता, बाल्कनीच्या खोल्या दाखवत होता. कळमन्यात संत्र्यांची आडत चालवणारे चंपतराव मात्र एकच धरून बसले, "सगळ्यात खालची खोली दाखवा ना भाऊ. वर तर सगळेच चांगला माल लावतात."

मग दोन्ही जहाजांच्या बिनखिडकीच्या खोल्या त्यांनी फोटो मोठे करकरून पाहिल्या. पलंगाची रुंदीसुद्धा विचारली.

"बाबा, आपण बाल्कनीवाली घेऊन राहिलो ना!" रोहित वैतागला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "काहून जी, पोराले चिडवता?"

"बाल्कनीवाली त्याची वं. मी आपल्या दोघांची पाहून राहिलो."