सीट भिजवली कुणी?

मुनाफभाईंनी जुन्या गाडीच्या छताचं आतलं कापड ओढून काढलं, आणि दुपारचं ऊन डझनभर भोकांतून थेट सीटवर सांडलं. सगळा पत्रा गंजून त्याची चाळण झालेली!

मंदाकिनीबाईंना तर गॅरेजमध्येच फुगडी घालावीशी वाटली. चार पावसाळे सीट भिजत होती आणि चार पावसाळे नवऱ्याचं एकच पालुपद होतं, "तूच काच उघडी ठेवतेस!"

"काच म्हणे! आता बोला की!" त्या चक्क टाळ्या पिटू लागल्या.

नवऱ्यानं निमूट कान पकडले. "चुकलो, बाई."

मुनाफभाई मात्र नखानं गंज खरवडत म्हणाले, "टपावरच्या कॅरिअरच्या स्क्रूमधून खारं पाणी मुरलंय, वहिनी. गाडी समुद्राकाठी होती का?"

"छे हो! जन्मभर मिरजेतच आहे," नवरा चक्रावला.

मंदाकिनीबाईंची टाळी हवेतच थांबली. दर उन्हाळ्यात मीठ लावलेल्या, पाणी सुटलेल्या कैरीच्या फोडी त्या गाडीच्या टपावरच वाळत घालायच्या. तापल्या पत्र्यावर काय झकास वाळायच्या!

"अहो, जाऊ द्या ना," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "काच मीच उघडी ठेवत असेन."