पाळण्यापाशी आत्या

समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत मृण्मयी एकटीच स्पर्शाचा अंगरखा आणि मुखवटा घालून ताटकळली होती. मिरजेला भाचीचं बारसं होतं. तिथे पाळण्यापाशी उभा केलेला, तिच्या हालचालींवर चालणारा यंत्रपुतळा अर्धवट वाकून अडकला होता.

"वन्सं, धाकट्या वन्संनाच सांगू देऊ का नाव?" वहिनीने विचारलं.

"थांबा हो! लाइन चांगली आहे, तुमचा मोडेमच म्हातारा झालाय. बदला तो!"

"चालतोय की अजून," असं पुटपुटत वहिनीने शेजारचा मोडेम आणून जोडला.

पुतळा पुरता वाकला. मृण्मयीच्या गालाला मऊ जावळ लागलं.

"कुर्रर्र... शाल्मली!"

रिवाजाप्रमाणे बायकांनी पुतळ्याच्या पाठीत धपाटे घातले आणि खाली समुद्रात मृण्मयीची पाठ हुळहुळली. वर्षभर तिला माणसाचा हात लागला नव्हता.

"जोरात लागलं का हो?"

"नाही," ती म्हणाली, "अजून मारा की."