दुपारची समई

सोमवारी पहाटेपासून दिवेलागणीला समई लावेपर्यंत लतिकाचं मौन असे. म्हणूनच नवऱ्यानं नेमका त्याच दिवशी, भर दुपारी, नवा महाजन, म्हणजे सावकार, दुर्गाघाटच्या घरी आणला. पहिल्याचं व्याज दुसऱ्याकडून घेऊन भागवायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याकडून, असा नवऱ्याचा खाक्या. आता चौथ्याला घरच लिहून द्यायचं होतं. घर तिच्या माहेरचं, तिच्या नावावर. “भाभीजी नाराज हैं क्या?” महाजनानं विचारलं. “व्रत है. दस्तखत में बोलना थोड़े ही पड़ता है,” नवरा हसला. लतिका उठली आणि तिनं देवघरातली समई लावली. “अगं, दुपारी दिवेलागण?” “महादेवाला मी समजावेन,” ती हळूच म्हणाली. “घर बँकेकडे गहाण टाकतेय. व्याज निम्मं, तिघांचं फिटेल. याची टोपी त्याला घालणं बंद.” मग महाजनाला विचारलं, “चाय में चीनी कितनी, भाईसाहब?” आणि रात्रीपर्यंत पुरेल एवढं तेल समईत ओतलं.