वाचून दाखवलेला शेवट

"काय मेले हे सिनेमावाले! पुस्तकाचा पार विचका केला." थिएटरातल्या टाळ्या थांबायच्या आत वत्सलाबाई कडाडल्या.

दृष्टी गेल्यापासून त्यांचे यजमान, निवृत्त सुभेदार, रोज त्यांना वाचून दाखवायचे. ही कादंबरीही त्यांनीच वाचली होती; तिच्यात चौकशीअंती जवान शत्रूच्याच गोळीनं मेल्याचं निघालं होतं; सिनेमात मात्र त्याच्या सुभेदारानंच त्याचा खून केला होता.

"नाही काकू," शेजारच्या खुर्चीतली पुतणी म्हणाली, "मी वाचलंय ना. पुस्तकातही सुभेदारच मारतो."

बाईंनी दुसऱ्या बाजूला बसलेल्या यजमानांचा हात चाचपला. तो घामानं थबथबला होता.

बाईंचा धाकटा भाऊ बापू यजमानांच्याच तुकडीत होता, सीमेवरच मारला गेला.

"अहो," त्यांनी हात सोडला, "आमच्या बापूला शत्रूची गोळी लागली, हेसुद्धा तुम्हीच सांगितलं होतं मला."