दोरीबाहेरची कबर

"तो दगड ठेव खाली," सुग्राबी म्हणाली.

संजय मिस्त्रीनं दगड ठेवला. कब्रस्तानाला आजवर काट्यांचं कुंपण होतं, आता भिंत होणार होती. त्यानं दोरी ताणली होती. दोरीच्या बाहेर, अगदी लागूनच, दगडांचा एक ढीग. पायव्यात भरायला आयताच सापडला, असं त्याला वाटलं होतं.

तेवढ्यात रिजवान मोटरसायकल लावून आला. सुग्राबीचा नातू, भिंतीचं काम तोच बघत होता.

"दादी, उन्हात कायले आली? दगडच तं आहेत."

"दगड तुह्या डोक्यात आहेत. ही कबर आहे. इथली पहिली."

"कोणाची?"

"पिंजाऱ्याच्या बायकोची. बंजाऱ्यांच्या तांड्याच्या बैलांमागं चालत आलते दोघं, गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत. इथं ती बाळंतपणात गेली. तांडा पुढं गेला, पिंजाऱ्याचा पाय निघाला नाही. तिच्या बाजूलेच झोपडी घातली त्यानं. मंग दुसरी केली, अन् तुम्ही सारे निपजले."

"आमच्या तांड्यातबी म्हातारे सांगत, चाची," संजय म्हणाला. "एक पिंजारी मागंच राह्यला म्हणून."

"मले कोणीच नाही सांगितलं," रिजवान म्हणाला.

"तुले कोण सांगन? बाप्यांचं नव्हतंच हे."

मोहल्ल्यात नवी सून आली की सासू तिला इथं आणायची आणि ढिगावर एक दगड ठेवायला लावायची. बायकांनी कब्रस्तानात पाय ठेवायचा नाही, पण ही कडेला होती. हिच्यापाशी यायला कोणाची परवानगी लागत नव्हती. सुग्राबीचाही दगड होता त्यात, तळाशी कुठंतरी. रिजवानची बायको गझाला मात्र म्हणाली होती, दादी, तिकडं चिखल आहे, सँडल खराब होईल. सुग्राबीनं तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. सँडलीपुढं काय बोलायचं?

रिजवाननं दोरीपासून ढिगाच्या पलीकडपर्यंत पावलं मोजली.

"संजयभाऊ, दोरी बाहेर घ्या. कबर आत येऊ द्या."

संजयनं खुंटी उपटली.

झालं सुग्राबीच्या मनासारखं. काठी टेकवून ती आत बघत राहिली. तिकडं लिंबाखाली तिच्या नवऱ्याची, हाफिजची कबर होती. तिच्यावरचा सब्जा इथून दिसायचा. दर जुम्म्याला ती या ढिगाजवळ येऊन बसायची आणि कुंपणातून त्याच्याशी बोलायची; बोलायची कसली, भांडायचीच. आता भिंत माणसाच्या डोक्यावर जाणार होती.

"संजय, खुंटी होती तिथंच ठोक."

"काहून दादी?" रिजवान वैतागला. "आत्ता तं कबर आहे म्हणून भांडून राह्यली होती."

सुग्राबी खाली बसली. मिस्त्रीनं उचललेला दगड तिनं ओढून घेतला, पदरानं पुसला आणि ढिगावर ठेवला.

"हीबी आत गेली तं मी बाहेर कोणापाशी बसू?"